उज्जैनची यंत्रे आणि यंत्रे घडवणारी घराणी

गणेश चतुर्थी मध्याह्नव्यापिनी घ्यावी, हा नियम आपल्या घराघरांत पाठ आहे. पण मध्याह्न कोणता? घड्याळात बारा वाजले म्हणजे उज्जैनला मध्याह्न झाला असे नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशाची आहे आणि उज्जैन आहे ७५ अंश ४६ कलांवर. सूर्याला एवढे अंतर कापायला सुमारे २७ मिनिटे लागतात. त्यात ऋतूनुसार आणखी काही मिनिटे कमीजास्त होतात. म्हणजे आपल्या गावाचा खरा मध्याह्न घड्याळाकडे पाहून कळत नाही, तो सूर्याकडे पाहून ठरवावा लागतो. आणि त्यासाठी लागणारे यंत्र आपल्याच गावात, चिंतामण रस्त्यावर जयसिंहपुऱ्यात, क्षिप्रेच्या वळणावर उभे आहे. जुनी माणसे त्याला अजून जंतर महल म्हणतात. सरकारी कागदावर ती जीवाजी वेधशाळा.

स्मरणिकेत उज्जैनविषयी लिहायचे म्हटले की महाकाल, सांदीपनी आणि कालिदास यांच्यावर भरपूर लेख येतात. यंदा आम्ही या वेधशाळेकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहायचे ठरवले. ही यंत्रे काय मोजतात, याच्या माहितीच्या संगमरवरी पाट्या तिथे १९८३ पासून लावलेल्या आहेत. आमच्या मनात प्रश्न होता तो, ही यंत्रे घडवली कोणी, घडवणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांचे काय झाले, आणि त्यांच्या मागे कारखाना का उभा राहिला नाही, हा. आज शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू किंवा सूक्ष्मदर्शक बिघडला तर कंपनीला कळवायचे, सुटा भाग मागवायचा, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. जयसिंहाच्या यंत्रांना अशी कंपनी कधीच नव्हती.

उज्जैनच का, हे सांगायला फार शब्द नकोत. सूर्यसिद्धांताच्या काळापासून आपल्या गणिताची मध्यरेषा लंकेवरून उज्जैन आणि कुरुक्षेत्रावरून मेरूकडे जाते. इंग्रजांना ग्रिनिच, तसे आपल्या ज्योतिष्यांना उज्जैन. वराहमिहिर सहाव्या शतकात इथेच होऊन गेला. सवाई जयसिंह (१६८८–१७४३) माळव्याचा सुभेदार म्हणून आला तेव्हा त्याने दिल्ली, जयपूर, मथुरा आणि काशी यांच्याबरोबर इथेही वेधशाळा उभारली, यात नवल नाही. एका गावी घेतलेला वेध दुसऱ्या गावी पडताळून पाहता यावा, हाही त्याचा हेतू होता. पाचांपैकी मथुरेची वेधशाळा आता राहिलेली नाही. जयसिंहाच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय होते, असे परंपरा सांगते. युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात 'रेखागणित' या नावाने त्यांनीच आणली. तेव्हा या कामाशी मराठी माणसाचा संबंध पहिल्या दिवसापासूनच आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

दगडचुन्याची यंत्रे का बांधली, याचे कारण जयसिंहाने आपल्या 'झीज-ए-मुहम्मदशाही' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे, आणि कोणत्याही कारखानदाराला पटेल असे ते कारण आहे. आधी त्याने पितळेची यंत्रे करवून घेतली. ती लहान पडली, त्यामुळे अंशाच्या कलांपर्यंत खुणा करता येईनात. वापरून वापरून आस झिजला, यंत्र डुलू लागले, मध्यबिंदू जागचा हलला. मग त्याने ठरवले की यंत्र इतके मोठे आणि इतके स्थिर करायचे की झिजायला काही राहूच नये. उज्जैनचे सम्राट यंत्र हे त्या निश्चयाचे दृश्य रूप. मधली भिंत सुमारे २२ फूट उंच, तिचा उतार उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे २३ अंश ११ कलांच्या आसपास, त्यामुळे भिंतीची तिरकी कड नेमकी ध्रुवाकडे रोखलेली. दोन्ही बाजूंना वर्तुळाच्या कमानी, त्यावर तास, मिनिटे आणि मिनिटाचा तिसरा भाग, म्हणजे २० सेकंदांपर्यंतच्या खुणा.

इथे एक बारकी अडचण आहे. सूर्य हा बिंदू नाही; त्याचे बिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. एवढे अंतर चालायला त्याला दोन मिनिटे लागतात. म्हणून भिंतीच्या सावलीची कड सुरीच्या धारेसारखी नसते, ती धूसर असते. खुणा २० सेकंदांच्या आणि कडेचा धूसरपणा दोन मिनिटांचा! सावली कुठे संपते हे ठरवायला तयार डोळा लागतो. म्हणजे यंत्र दगडाचे केले तरी वाचणारा माणूस घडवावाच लागतो, आणि माणूस दगडासारखा टिकत नाही.

बाकीच्या यंत्रांवरून आम्ही भरभर पुढे जातो. नाडीवलय यंत्राचे दोन तोंडांचे चाक विषुववृत्ताला समांतर बसवले आहे. सूर्य उत्तर गोलार्धात असताना सहा महिने त्याचे उत्तरेचे तोंड उजळते, उरलेले सहा महिने दक्षिणेचे. दिगंश यंत्र ग्रहताऱ्यांची दिशा सांगते. दक्षिणोत्तर भित्ती यंत्रावर मध्याह्नीच्या सूर्याची उंची कळते. त्यावरून गावाचा अक्षांश आणि सूर्याची परमक्रांती काढता येते. या भिंतीपाशी मात्र थोडे थांबावे लागेल, कारण हिचीच एक बहीण त्याच सुमारास लंडनजवळ तयार होत होती.

१७२५ मध्ये ग्रिनिचच्या वेधशाळेसाठी जॉर्ज ग्रॅहम नावाच्या घड्याळजीने आठ फूट त्रिज्येचा लोखंडी भित्ती-तुरीय करून दिला. काम तेच: भिंतीवर बसवलेला वर्तुळाचा तुकडा, उद्देश दक्षिणोत्तर रेषेवरची उंची मोजणे. फरक इतकाच की त्याला दुर्बीण जोडलेली होती आणि तो राजाने नव्हे, दुकानदाराने घडवला होता. ग्रॅहम हा टॉम्पियन या नामांकित घड्याळजीचा शिष्य आणि त्याच्या घरातला जावई. ग्रॅहमच्या हाताखाली काम केलेल्या जॉन बर्डने १७५० मध्ये त्याच वेधशाळेला पितळेचा नवा तुरीय दिला. हा बर्ड मूळचा विणकर. त्याच वर्षी पीटर डॉलंडने लंडनमध्ये चष्म्या-दुर्बिणींचे दुकान उघडले, आणि दोन वर्षांनी त्याचे वडील जॉन डॉलंड आपला रेशमाचा माग बंद करून मुलाच्या धंद्यात आले. हेही विणकरच. (आपल्या चंदेरी-महेश्वरच्या मागांवर सुताचा हिशेब किती काटेकोर असतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.) १७५८ मध्ये रंगदोष टाळणाऱ्या भिंगाचे पेटंट डॉलंडांना मिळाले. जेसी रॅम्सडेन हा डॉलंडांचा जावई. वर्तुळावर अंशांच्या खुणा हाताने कोरण्याऐवजी यंत्राने पाडण्याचे कसब त्याने १७७० च्या दशकात सिद्ध केले, आणि चांगल्या दर्जाची मोजणीयंत्रे डझनांनी निघू लागली. डॉलंडांचे नाव दुकानावर पिढ्यान्‌पिढ्या राहिले. पुढे ती चष्म्यांची मोठी कंपनी झाली आणि २००९ मध्ये बूट्स या कंपनीत विलीन झाली. बापाने मुलाच्या दुकानात येऊन सुरू केलेला धंदा अडीचशे वर्षांहून अधिक चालला.

हे सारे फक्त विलायतेतच होते असे कोणी समजू नये. आपल्या देशात याच्या आधी असे घराणे होऊन गेले आहे. लाहोरचे उस्ताद अल्लाहदाद हे हुमायूनच्या नावाशी जोडले गेलेले यंत्रकार. त्यांच्या हातचे १५६७ सालचे ॲस्ट्रोलेब, म्हणजे आपले यंत्रराज, आजही उपलब्ध आहे. त्यांचा मुलगा, नातवंडे, पणतू असे चार पिढ्या शंभरांहून अधिक वर्षे पितळेची यंत्रे घडवत राहिले. आकाशगोल ते मेण गाळून ओतकामाने असे करीत की पोकळ गोलाला कुठेही सांधा दिसत नसे. धातुकामातील जाणकार आजही त्यावर बोट ठेवतात. पणतू झियाउद्दीन हा त्या घराण्यातला सर्वांत उद्योगी. त्याच्या हातचे एक यंत्र जयपूरच्या वेधशाळेच्या संग्रहात आहे. त्याचे काम सतराव्या शतकाच्या अखेरीकडे थांबते. जयसिंहाला मोठी, स्थिर, बारीक खुणांची यंत्रे हवी झाली तेव्हा लाहोरच्या त्या भट्ट्या विझत आल्या होत्या. आमचे मत असे की, ही केवळ पंचवीस-तीस वर्षांची चुकामूक आपल्या देशाला फार महाग पडली. राजाकडे इच्छा आणि पैसा होता, कारागिराकडे हात होते, पण दोघांची गाठ पडली नाही. जयसिंह दगडाकडे वळला. गवंडी काम संपवून घरी गेले. दुसरे सम्राट यंत्र कोणी मागणार नव्हते, मग त्यांच्या मुलांनी ते कसब शिकायचे कशासाठी?

आता आपल्या मराठी घरांकडे येऊ. १७३८ मध्ये भोपाळच्या लढाईनंतर माळवा पेशव्यांकडे आला आणि राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. आपल्यापैकी अनेक घरांचे मूळ त्याच काळात इकडे आले. मंदिराला धनी मिळाला. वेधशाळेला मात्र नाही. १७४३ मध्ये जयसिंह गेला, वेध थांबले. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरकडे नेली आणि गावाचा दरबारी थाटही ओसरला.

मग मराठी समाजात ज्योतिषाची घराणी नव्हती का? होती, आणि उत्तम होती. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ स्वतः आकाशाकडे पाहून जुन्या ग्रंथांतल्या चुका टिपून ठेवत. त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ याने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला. ज्या, कोटिज्या यांची किचकट कोष्टके टाळून ग्रह काढण्याची इतकी सोपी रीत त्याने दिली की महाराष्ट्रातली पंचांगे पुढे जवळजवळ चारशे वर्षे त्यावर चालली. माळव्यात आलेल्या जोशांच्या दप्तरांतही हीच पोथी असायची. बापाने वेध घ्यावेत, मुलाने गणित बसवावे. घरातून चालणारा हा उद्योगच म्हणायचा. पण तो आकड्यांचा होता, यंत्रांचा नव्हता. यंत्र म्हणून जे आपल्या घरांत खरोखर वापरले जाई ते एकच, घटिकापात्र. लग्नात अंतरपाट धरायच्या आधी घंगाळातल्या पाण्यात तांब्याची वाटी सोडत, तळाच्या भोकातून पाणी शिरून ती बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. हे भोक किती असावे याचे माप जुन्या ग्रंथांत चार अंगुळे लांब सोन्याच्या तारेने दिलेले आहे. म्हणजे माप ठरवून वस्तू घडवण्याची समज होती, आणि तांबटाच्या हाताला ती येत होती. मागणी मात्र लग्नमुंजीपुरतीच. त्या वाटीपुढे तांबट गेला नाही, कारण कोणी त्याला पुढचे काही मागितले नाही.

१७९० च्या दशकात विल्यम हंटर नावाचा इंग्रज डॉक्टर उज्जैनला येऊन राहिला. त्याने जयसिंहाच्या वेधशाळा पाहून त्यांचे वर्णन लिहिले, ते १७९९ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पाचव्या खंडात छापले गेले. त्यात उज्जैनची एक गोष्ट आहे, ती वाचताना आम्हांला नेहमी हुरहुर लागते. हंटरला इथे एक तरुण पंडित भेटला. त्याचे आजोबा जयसिंहाच्या ज्योतिषकार्यात होते. या तरुणाकडे युक्लिडच्या भूमितीचे, त्रिकोणमितीचे आणि लॉगॅरिथमचे संस्कृत ग्रंथ होते, आणि ते त्याला नुसते वारशाने मिळालेले नव्हते, ते त्याला समजत होते. तिसऱ्या पिढीपर्यंत विद्या घरात टिकली होती, तीही आपल्या गावात, जंतर महलाच्या छायेत. पुढे तो जयपूरला गेला आणि तिथेच वारला. जयसिंहाची प्रतिभाही त्याच्याबरोबर मावळली, अशी खंत हंटरने नोंदवली आहे.

एकोणिसाव्या शतकात देशात हात नव्हते असे म्हणणाऱ्याला सय्यद मीर मोहसीन हुसेन हे उत्तर आहे. मूळचे अर्काटचे, जवाहिरी आणि घड्याळदुरुस्तीच्या कामातले. सर्वेक्षण खात्यात त्यांनी जॉर्ज एव्हरेस्टच्या हाताखाली काम केले. लंडनहून खास आणलेला यंत्रकार परत गेल्यावर, इंग्रजी कारखान्यात तयार झालेल्या थोडोलाइटच्या वर्तुळावर नव्याने अंश पाडण्याचे काम या माणसाने केले, आणि एव्हरेस्टने १८४३ मध्ये खात्याचे यंत्रकार म्हणून त्यांची नेमणूक करवली. आपल्याजवळच्या सिरोंजला या सर्वेक्षणाची पायारेषा मोजली गेली होती, म्हणून हा उल्लेख. पण मोहसीन हुसेन नोकरीत होते. दुकान त्यांचे नव्हते. त्यांच्या नावाची कंपनी झाली नाही.

आता पंचांगाचा वाद. 'ग्रहलाघव' सोपा होता, पण चारशे वर्षांत त्याचे ग्रह आकाशातल्या ग्रहांपासून दूर सरकले. तिथी संपण्याच्या वेळेत काही तासांचा फरक पडू लागला. हा फरक कागदावरचा वाटतो. पण चतुर्थी मध्याह्नी आहे की नाही हे ज्यावर अवलंबून, तिथे काही तास म्हणजे सणाचा दिवसच बदलतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर, आणि ग्वाल्हेरच्या नोकरीत राहून या विषयात आयुष्य घातलेले विसाजी रघुनाथ लेले, अशा मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रश्न लावून धरला. त्यांची आपसांत मते वेगळी होती आणि भांडणेही कडाक्याची झाली, पण आकाशाशी जुळेल तेच पंचांग खरे, हे सर्वांना मान्य होते. १९०४ मध्ये मुंबईत यासाठी परिषद भरली. लोकमान्य टिळक त्यात पुढे होते. सार्वजनिक गणेशोत्सव ज्यांनी उभा केला, तेच त्या उत्सवाची तिथी बरोबर यावी म्हणून आकडेमोडीत उतरले, हे फार कमी वेळा सांगितले जाते. नक्षत्रचक्राचा आरंभ कुठे धरायचा यावर एकमत झाले नाही, त्यामुळे टिळक पंचांग मानणाऱ्या घरांचे गणपती अधिक महिन्याच्या काही वर्षी इतरांच्या महिनाभर आधी बसतात. कोकणात नातेवाईक असलेल्यांना हा अनुभव असेल.

आकाशाशी जुळवायचे तर आकाश मोजायला हवे, आणि मोजायला जागा हवी. इथे उज्जैनचे दोन विद्वान पुढे आले: सिद्धांतवागीश पंडित नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे. त्यांच्या शिफारशीवरून महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये जंतर महलाची दुरुस्ती करवली आणि काम चालू ठेवण्यासाठी पैसा दिला. दोन वर्षांनी महाराज गेले. वेधशाळेला जीवाजीरावांचे नाव मिळाले. आपटे तिचे पहिले अधीक्षक. १९०४ पासून १९२३ म्हणजे एकोणीस वर्षे. एवढा वेळ एखाद्या प्रस्तावाच्या मागे राहणारी माणसे आज कुठल्या समितीत सापडतील, हे वाचकांनीच सांगावे.

आपट्यांचे आम्हांला विशेष वाटते ते एवढ्यावर ते थांबले नाहीत म्हणून. 'सर्वानंदकरण' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ गणिताचा. पण त्याच माणसाने १९३७ मध्ये आवारात एक नवे यंत्र उभे करवले, शंकु यंत्र. गोल, सपाट ओटा, मध्ये उभा शंकू, आणि ओट्यावर सात रेषा. शंकूच्या टोकाची सावली वर्षभरात ज्या वाटांनी फिरते त्या या रेषा. मधली सरळ, समदिनरात्रीची. दोन्ही टोकांच्या वक्र, उत्तरायण-दक्षिणायनाच्या. जयसिंहानंतर सुमारे दोनशे वर्षांनी उज्जैनमध्ये नवे वेधयंत्र घडले, ते एका मराठी गणितज्ञाच्या देखरेखीखाली. राजाची भव्यता त्यात नाही. चार गवंडी आणि एक नेमका माणूस असला की काय होते, ते त्यात दिसते. २१ जूनला दुपारी साडेबाराच्या सुमारास शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त आपल्या उत्तरेला फक्त पाव अंशावर आहे. ते पाहायला हल्ली शाळांची गर्दी होते.

१९४२ पासून वेधशाळा दरवर्षी ग्रहस्थितीचे आपले पंचांग काढते. संस्थान विलीन झाले, मध्यभारत आला, मध्य प्रदेश आला, राज्यकर्ते बदलले, पण हे प्रकाशन चालत राहिले. आमच्या दृष्टीने या जागेचा खरा 'माल' हाच. पावसाळ्यात 'किती इंच झाला?' म्हणून जो आकडा आपण सकाळच्या वर्तमानपत्रात शोधतो, तोही जीवाजी वेधशाळेचाच. दुरुस्त्याही होत गेल्या: १९७४ मध्ये दिगंश यंत्राची, १९८२ मध्ये शंकु यंत्राची, २००३ मध्ये सम्राट आणि नाडीवलय यंत्रांची. पण दुरुस्ती म्हणजे गिलावा आणि रंग नव्हे. कमानीवरच्या खुणा झिजल्या की त्या पुन्हा कोरायला अंश पाडणारा माणूस लागतो, आणि तो ठेकेदाराच्या यादीत नसतो. हीच लाहोरच्या भट्टीची गोष्ट नव्याने समोर येते.

यंत्रनिर्मिती देशात मेली नाही, ती दुसरीकडे गेली. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना लागणारे सूक्ष्मदर्शक, भिंगे, तराजू हरियाणातल्या अंबाल्याहून येऊ लागले. तिथे हा धंदा घराघरांतून वाढला, बापाकडून मुलाकडे, कारखान्यातल्या कारागिराकडून त्याच्या स्वतःच्या छोट्या कारखान्याकडे. आमच्यापैकी ज्यांनी माधव कॉलेजात विज्ञान शिकले किंवा शिकवले, त्यांना अंबाल्याच्या शिक्क्याच्या लाकडी पेट्या आठवतील. उज्जैनमध्ये गिरण्या आल्या, पण असा धंदा आला नाही. जिथे वेधांची परंपरा सर्वांत जुनी, तिथे यंत्रांचे दुकान नाही, ही गोष्ट आम्हांला बोचते.

आपल्या गावातल्या नव्या खटपटीही नोंदवल्या पाहिजेत. महिदपूर तालुक्यातल्या डोंगला गावी वराहमिहिराच्या नावाची वेधशाळा दुर्बिणीसह उभी राहिली आहे. कर्कवृत्त तिथून जाते याकडे लक्ष वेधण्याचे श्रेय पद्मश्री विष्णू श्रीधर वाकणकर यांना दिले जाते. भीमबेटका जगापुढे आणणारे वाकणकर आपल्याच उज्जैनचे. आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी जंतर महलाशेजारच्या ८५ फुटी मनोऱ्यावर विक्रमादित्य वैदिक घड्याळाचे उद्घाटन झाले. ते एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ३० मुहूर्त मोजते. तिथे सेल्फी काढणाऱ्यांची रांग असते. आत, तिकीट काढून, सम्राट यंत्राच्या कमानीवर सावली कुठे आहे हे वाकून पाहणारे मोजकेच. नव्या घड्याळावर आमचा राग नाही. त्याला वीज आणि संगणक लागतो, तो बिघडला तर कंपनीचा माणूस येईल. दगडाच्या घड्याळाला वाकून पाहणारा लागतो.

मंडळाच्या सभासदांसाठी एक उपयोगाची गोष्ट. सप्टेंबरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत उज्जैनचा खरा मध्याह्न घड्याळात १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास येतो. २२-२३ सप्टेंबरला तो १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास. त्या मधल्या दिवसांत पंधरा मिनिटे आधी वेधशाळेत पोहोचा. सावली पश्चिमेच्या कमानीवरून मधल्या भिंतीकडे सरकताना दिसेल, भिंतीला येऊन मिळेल आणि मग पूर्वेच्या कमानीवर चढू लागेल. त्या क्षणी आपल्या गावाचा मध्याह्न. आणि २३ सप्टेंबरच्या जवळपास गेलात तर नाडीवलयाच्या दोन्ही तोंडांकडे पाहून या. त्या दिवसांत ऊन चाकाच्या कडेवर तोलून धरलेले असते आणि एकही तोंड नीट उजळत नाही. लहान मुलांना बरोबर न्या, आणि टोप्या विसरू नका. आवारात सावली फक्त यंत्रांचीच आहे.